खापराला ओटा पाहिजे

एका मातीच्या खापरापायी मी माझ्या आजारी नवऱ्याला त्याच्या बहिणीच्या गावाबाहेर कमानीत अडकवून ठेवलं. तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची पोर होते. अक्कल यायची होती.

हे एसटीत कंडक्टर. जन्म जळगाव-धुळे करण्यात गेला, तोही उभ्यानं. रिटायर झाल्यावर म्हणाले, "आता आडवं पडून प्रवास!" देवानं ऐकलं, पण त्याच्या सवयीनं अर्धंच. आजार मणक्यात उतरला, बसणं बंद झालं, आडवं पडणं तेवढं राहिलं. डॉक्टरांनी आमच्या मिलिंदला बाजूला घेतलं, तो डोळे पुसून परत आला. त्याच संध्याकाळी हे म्हणाले, "एकदा अक्काला भेटून येऊ."

अक्का ही यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. धुळ्याच्या पलीकडे खेड्यात राहते. गुडघे गेलेले, मुक्काम खाटेवर. तिला येता येईना, यांना बसता येईना.

"अँब्युलन्स करू," मिलिंद म्हणाला.

"नको रे! अँब्युलन्स पाहून अक्का आधीच गळा काढेल. मग मला मेल्यासारखं पडून राहावं लागेल!"

मग मिलिंदनं झोपून जाता येईल अशा भाड्याच्या गाड्यांचे फोटो दाखवले. एक छोटी व्हॅन, आत नुसती गादी आणि वर उघडणारं मागचं दार. एक मधली, सीटा काढून पलंग टाकलेली. आणि तिसरी म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातला वन बीएचके, फक्त चाकांवर! पलंग, संडास, एसी, ओटा.

"छोटी," हे म्हणाले. "दार उघडं ठेवलं की पडल्या पडल्या रस्ता दिसेल."

"आणि खापर कुठे ठेवू? अक्काला मांडे नकोत माझ्या हातचे? खापराला ओटा पाहिजे."

"तू तिथे टेकशील तर मांडे करशील ना!"

खोटं नव्हतं ते. कुणाकडे गेले की कप खाली ठेवायच्या आत माझं "चला, उशीर होतोय" सुरू. हे विचारायचे, "तू पाहुणी जातेस की पत्र टाकायला?"

पण ऐकेल ती मी कसली! मोठी गाडी आली. ओट्यावर खापर ठेवलं आणि मग उजेड पडला. मांड्यांच्या खापराला ओटा नाही, चूल लागते! ओट्यावर होती कपभर चहा उकळेल एवढी विजेची शेगडी. खापर मांडीवर घेऊन मी एरंडोलपर्यंत गप्प बसले. (मिलिंद सांगतो, तो विक्रम अजून मोडलेला नाही.)

पलंगावरून यांना रस्ता दिसेना, छत दिसे. तरी गचक्यांवरून गाव ओळखत होते. "हे पारोळा." गाडी जास्त थांबली की अंगठीनं पत्र्यावर दोनदा ठोकायचे. टण टण. चला!

गावाच्या तोंडाशी स्वागताची नवीकोरी सिमेंटची कमान. ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "निकल जाएगी, भाभी." निघाली, पण अर्धीच! छतावरचा एसी कमानीत असा रुतला की गाडी पुढे जाईना, मागे येईना. चौघांनी यांना गादीसकट उतरवून निंबाखाली एका खाटेवर ठेवलं. तोवर बातमी अक्काला पोचली, आणि भाचे तिला खाटेसकट खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत पारावरच्या एका म्हाताऱ्यानं घाईघाईनं टोपी काढून हात जोडले.

"जित्ती शे मी अजून!" अक्का वरून ओरडली. "घाल ती टोपी!"

खाटेला खाट लागली. अक्कानं आधी यांचा चेहरा चाचपला, मग गाडीकडे पाहिलं. "घर लई उना का रे, नाना?" घरच घेऊन आलास का, म्हणे.

"घर नही, अक्का. तुन्ही भावजयनं खापर."

गाव हसलं. बायांनी तीन दगड मांडले, कुणी काड्या आणल्या, आणि कमानीपुढे, भर रस्त्यात, मी मांडे केले. यांनी बोटभर खाल्ला. पुढे जाईना, तरी "झकास" म्हणाले. दोघं आईबद्दल बोलत होती, कुठल्याशा मेलेल्या म्हशीबद्दल बोलत होती. मी सवयीनं म्हटलं, "चला, उशीर..." सगळ्यांनी वळून कमानीतल्या एसीकडे पाहिलं. मी खाली बसले.

उन्हं उतरली तेव्हा चाकांची हवा सोडून सलीमभाईंनी गाडी मोकळी केली. परत हवा भरली, यांना पलंगावर चढवलं. अक्काची खाट गाडीच्या दाराशी. सलीमभाई बेलची वाट पाहत थांबलेले. हे काही ठोकेनात. अंगठीचा हात अक्काच्या हातात होता. शेवटी अक्कानंच तो सोडला आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा मूठ मारली.

"जाय, नाना."

महिना पुरा व्हायच्या आत हे गेले. अक्काचा फोन आला तेव्हा मी रडत होते ती त्या गाडीपायी. म्हटलं, "अक्का, छोटी घेतली असती तर त्यांना रस्ता तरी दिसला असता. मीच मूर्ख."

अक्का म्हणाली, "कुसुम, बरं झायं अडकनी ती. धाकली गाडी ऱ्हाती, ते चहा पेताच तू त्याले उठाडीसन लई गई ऱ्हाती."