ऋतुजाचा कॅफे आम्ही भरला तेव्हा

माझ्या डोक्यात एखादी कल्पना आली की आमचे हे आधी विचारतात, "आता कोणाचं भलं करायला निघालीस?" आणि देवापुढे हात जोडतात. माझ्यासाठी नाही हो, त्या बिचाऱ्या माणसासाठी! तर यंदा पाळी होती ऋतुजाची. ऐका, आणि हसू आलं तर बिनधास्त हसा. मी सोडून सगळ्यांचं हसून झालंय.

ऋतुजा म्हणजे आमच्या शेजारच्या कानिटकरांची सून. पोरीनं इंदूरची चांगली नोकरी सोडली आणि माधव नगरातल्या घराच्या गॅरेजमध्ये छोटासा कॅफे उघडला. नाव 'ओसरी'. वेताच्या खुर्च्या, मोजकी टेबलं, खिडकीत मनीप्लँट. आणि कॉफी? अहो, मी जन्माची चहावाली बाई, पण तिची कॉफी प्यायले आणि घरी येऊन चहाकडे बघवेना! साबुदाणा वड्यात ती काहीतरी भरते. काय भरते ते विचारू नका, मलाही सांगत नाही.

पोरांनी कॅफे अगदी डोक्यावर घेतला. पण महाकालाच्या दर्शनाला येणारी गर्दी वाढली, तशी मोठमोठ्या कंपन्यांची दुकानं आमच्या उज्जैनात येऊ लागली. त्यातलाच एक कॅफे ओसरीच्या बरोब्बर समोर आला. देशभर शाखा म्हणे! दोन मजले, जिकडेतिकडे काच, आत गेलं की थंडगार. झालं! सगळी पोरं तिकडे पळाली.

एका संध्याकाळी बघते तर ऋतुजा एकटीच बसलेली. डोळे ओले.

"काकू, दिवाळीपर्यंत बघते. नाही चाललं तर शटर ओढायचं आणि पुन्हा इंदूर."

शटर ओढायचं म्हणे! तिथल्या भिंतीसुद्धा तिनं स्वतःच्या हातांनी रंगवल्या होत्या.

"पण लोक येत का नाहीत गं?"

"येतात ना, काचेतून डोकावतात. आत कोणी दिसलं नाही की परत जातात. रिकाम्या कॅफेत कोण बसणार?"

बस्स! रिकामं दिसतं, हीच अडचण ना? मग भरून टाकू! आमचं भजनी मंडळ काय कामाचं? लगेच पेंढारकर वहिनींना फोन लावला. त्या मंडळाच्या अध्यक्ष. तशा आमच्या मंडळात सगळ्याच अध्यक्ष, ते असो.

"वहिनी, उद्यापासून रियाज ओसरीत."

"अगं, पण मला बाहेरचं सोसत नाही."

"खायचं कुठे आहे? नुसतं बसायचं आहे!"

"मग येते. डबा घेऊन येते."

बघितलंत? इथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तशा आम्ही हजर. मी एकेकीला एकेका टेबलावर बसवलं. एकत्र बसलो तर एकच टेबल भरणार ना! मग गप्पा मारायच्या तर ओरडूनच माराव्या लागल्या. सुनेच्या तक्रारी या खिडकीपासून त्या कोपऱ्यापर्यंत. डब्यांतून थालीपीठ निघालं, लोणचं निघालं. ऋतुजानं कौतुकानं पास्ता आणून ठेवला, तर वहिनींनी पर्समधून जिरावनाची पुडी काढून त्यावर भुरभुरवली. आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो मसाला हो.

"काकू, अजून काही आणू?"

"छे गं! तुला कशाला त्रास? तू बस निवांत!"

तुम्हीच सांगा, घरच्या मुलीला कोणी ऑर्डर देतं का? ती हसली. मला वाटलं, आनंदानं.

तेवढ्यात दार उघडलं. एक मुलगा, त्याच्या मागे एक मुलगी. गिऱ्हाईक! मी जागेवरूनच हाक मारली, "अरे, तू जोशी सरांचा ना? ये, ये! आणि ही कोण? कोणाची गं तू?"

दोघं जी वळली ती गेलीच.

"फार लाजतात बाई हल्लीची मुलं," वहिनी म्हणाल्या.

मग रोज हेच. दार उघडायचं, मी प्रेमानं चौकशी करायची, दार बंद व्हायचं. मला वाटलं, आपलीच गर्दी कमी पडतेय. म्हणून टाळ आणले! एकदा अभंग असा रंगला, की महाकालाचं दर्शन करून परतणारं एक कुटुंब ऑटोतून खाली उतरलं. "यहाँ सत्संग चल रहा है क्या, माताजी?" त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडून बसले, वहिनींच्या डब्यातला शिरा प्रसाद म्हणून खाल्ला आणि निघाले. जाताना ऋतुजाच्याही पाया पडले!

पण समोरची गर्दी काही हटेना. शेवटी ठरवलं, आता शत्रूच्या गोटात शिरायचं. आमच्याकडच्या स्कूटीवाल्या पोरी बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळला आणि गेले.

खोटं कशाला बोलू? आवडलं मला तिथे! खुर्ची इतकी मऊ, की गुडघ्यांनी कुरकुर थांबवली. कोणी ओळखत नाही, कोणी 'कशा आहात' विचारत नाही, तासभर बसा नाहीतर दिवसभर. यातही मजा असते हो, आम्हा ओळखीपाळखीवाल्यांना ती ठाऊकच नाही. कोल्ड कॉफी मागवली आणि मग लक्षात आलं, तोंड तर बांधलेलं! नशीब, स्ट्रॉ होती. कॉफी ठीक होती. ऋतुजाची सर नाही.

शेजारच्या टेबलावर बघते, तर जोशी सरांचा मुलगा! आणि तीच मुलगी. मी आवाज बदलून हिंदीत विचारलं, "बेटा, सामनेवाले कॅफे में क्यूँ नहीं जाते?"

"आंटी, कॉफी तो वहीं की बढ़िया है. पर वहाँ आंटी लोगों की पूरी गैंग बैठी रहती है. जगह ही नहीं मिलती. और उनमें एक तो इतनी डेंजर है ना, घुसते ही पूछती है किसके बेटे हो!"

"और शाम को इसके घर फोन भी लगा दिया था!" मुलगी म्हणाली.

तो फोन मी सहज केला होता! जोशी सरांची तब्येत विचारायला!

कॉफी अर्धीच टाकली. तशीच उठले, रस्ता ओलांडला, ओसरीत शिरले आणि स्कार्फ सोडून रडायलाच लागले. "अगं, तुझं दुकान त्या कंपनीनं नाही, मीच बुडवत होते! सांगितलं का नाहीस गं?"

ऋतुजानं पाणी दिलं. "कसं सांगणार, काकू? तुम्ही सगळ्या मायेनं येत होतात. माझ्यासाठी एवढं कोण करतं?"

मला आणखीच रडू आलं. "आता तू सांगशील ते करू. अख्खं मंडळ तुझ्या पाठीशी आहे."

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर... तुमचं मंडळ रोज तिकडे बसेल का?"

त्या दिवसापासून आम्ही तिकडे. एकेक टेबल एकेकीला. आता तर दुपारची भिशीसुद्धा तिथेच लागते. ओसरीत मात्र पोरांना उभं राहायला जागा नाही. दिवाळी येऊन गेली, ऋतुजाचं शटर वरच आहे.

परवा त्या मोठ्या कॅफेचा मॅनेजर माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "माताजी, सामने की कॉफी पी है आपने? बहुत अच्छी है. आप लोग वहाँ बैठिए ना!"

म्हटलं, "बेटा, वहीं से तो भेजा है हमें!"