देवीचं एक गेलं

माझा पेपर परत हातात पडला तेव्हा एका गणितावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि खाली भोपळा. इतकी वर्षं झाली, तरी ती रेघ आठवली की माझं डोकं फिरतं.

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, सगळी शेळ्या राखणारी माणसं. भोरला मास्तरीण व्हायच्या वर्गात जाण्यासाठी परीक्षा होती. निघतानाच वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावलं होतं, "पास झालीस तर शीक. न्हाईतर किकवीच्या पाव्हण्यांना व्हय म्हनतो." पाहुण्यांचा मुलगा मी पाहिलाही नव्हता.

गणित असं होतं: पहिली संख्या तीन. पुढची प्रत्येक संख्या मागचीच्या दुपटीपेक्षा एकने कमी. तर आठवी कोणती, रीतीसह सांगा. मला हसूच आलं. आमच्यात कळप दरसाल दुप्पट होतो असं धरायचं आणि त्यातलं एक जनावर देवीला सोडायचं, असा रिवाज. पुढच्या सालांचा अंदाज मी आबांबरोबर तोंडीच काढत आले होते. भराभर लिहिलं: तीन, पाच, नऊ, सतरा, तेहतीस, पासष्ट, एकशे एकोणतीस, दोनशे सत्तावन्न. आणि रीत म्हणून प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं, 'दुप्पट झाले, देवीचं एक गेलं.' मला ठाऊक होती तीच रीत, दुसरी आणणार कुठून?

तपासणारे साहेब म्हणाले, "गणितात देवी कुठून आणलीस?"

"पण उत्तर बरोबर आहे ना, साहेब?"

"उत्तर बरोबर आहे. रीत अडाणी आहे."

अडाणी रीतीनं बरोबर उत्तर आलं कसं, ते तरी सांगा, असं मी म्हटलं. तर म्हणे, वर तोंड करून बोलू नकोस. दोन मार्कांसाठी मला पाडलं. मी नापास झाले नव्हते, मला नापास केलं होतं, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार.

आबा बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांना गणित वाचून दाखवलं. सही न येणारा माणूस, पण बोटांची पेरं मोजत दोनशे सत्तावन्नावर बरोब्बर येऊन थांबला.

"बराबर हाय की. मग नापास कशी?"

"साहेबांना आपली रीत चालत नाही."

मला वाटलं, आता हे उठतील आणि आत जाऊन जाब विचारतील. ते उठले, मुंडासं नीट केलं.

"सायेब म्हंत्यात म्हंजी नापासच," ते म्हणाले, आणि घरची वाट सोडून किकवीच्या रस्त्याला लागले.