वागमास्तरांचा ग

वागमास्तर कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तिचा वास घेत. चहाचा, खडूचा, हजेरीपटाचा, आणि कोणी ओळख करून दिली तर माणसाचाही. डिचोलीच्या शाळेत आम्ही नऊ वर्षं एकत्र होतो. ते चित्रकला शिकवत, मी मराठी. पहिल्याच दिवशी ते माझ्याजवळ आले, त्यांनी मला हुंगलं आणि निकाल दिला, "मास्तर, तुमकां वासूच ना. कागदाक तरी आसता." त्यानंतर आमचं कधी पटलं नाही. पटावं असं दोघांनाही वाटलं नाही.

मूळचे ते हळर्ण गावचे. विचार करणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. नाकाने एकदा सांगितलं की विषय संपला. शाळेची तपासणी करायला एक अधिकारी आले, तेव्हा हेडमास्तरांचं स्वागतपर भाषण चालू असताना वागमास्तर पुढे झुकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हुर्राक." ती काजूची दारू, आणि सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यांचं नाक बरोबर होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. तपासणी दहा मिनिटांत आटोपली आणि शेरा आम्हाला वर्षभर पुरला.

त्यांना हे नाव पडलं ते त्यांच्या चित्रकथेमुळे. शिरगावच्या खाणीवरचा एक डंपर ड्रायव्हर मातीच्या ढिगाऱ्याखाली अडकलेल्या वाघिणीला सोडवतो, तिचा दात त्याला लागतो, आणि त्या दिवसापासून त्याची बुद्धी जाते आणि नाक येतं. मग तो नुसती काष्टी, म्हणजे लंगोटी, नेसून गावोगाव हिंडतो, खोट्याचा वास आला की विचार न करता झेप घेतो. परदेशी वीर विजारीवर चड्डी घालतात, त्यापेक्षा काष्टी बरी, असं मास्तरांचं म्हणणं. मला वेशभूषेबद्दल तक्रार नव्हती. पुरावा न मागता झेप घेणारे वीर मात्र त्या वर्षी मी दोन्ही बाजूंच्या सभांत रोज पाहत होतो.

कारण गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या आंदोलनाचं ते वर्ष होतं. रस्त्यांवर झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद होत, आणि आमच्या शिक्षकखोलीत मराठीवाले खिडकीकडे, कोकणीवाले दाराकडे बसत. शिपाई दोन किटल्या आणी. दोन्हींत एकच चहा असे, पण दुसऱ्या बाजूच्या किटलीतला कोणी पीत नसे. वागमास्तर दाराकडे, मी खिडकीकडे.

त्याच वर्षी त्यांनी सात वर्षं खपून काढलेली चित्रकथा शाळेच्या वार्षिक अंकासाठी दिली. आपला वीर छापून आलेला एकदा बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं कुणी ती छापणार नव्हतं. कथेचं नाव 'वाग'. कोकणीत वाघाला वागच म्हणतात, लिहितातही तसंच. आमचे हेडमास्तर घाटावरचे. त्यांनी फक्त नाव वाचलं आणि खूश झाले. "वाग! उत्तम. मुलांना हेच सांगायला हवं." वागणुकीवरचे धडे आहेत असं समजून त्यांनी सही केली.

अंकाचं शुद्धलेखन माझ्याकडे होतं. मी लाल पेन काढलं आणि पहिल्या पानावर, मूळ चित्रावरच, ग खोडून ठसठशीत घ केला. खाली टीप लिहिली: 'पुढे सर्वत्र असेच.' हे व्याकरण आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती माझी झेप होती.

दुसऱ्या दिवशी ते पानांचा गठ्ठा घेऊन खिडकीकडे आले. शाईचा वास घेतला.

"मास्तर, रानांत वाग आसा. घ तुमच्या पुस्तकांत."

मी म्हणालो, छापायचं पुस्तकातच आहे, रानात नाही. खिडकीकडचे हसले. वागमास्तरांनी गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"हो आतां तुमचो वाघ. दवरात तुमचे कडेन." ठेवा म्हणाले, म्हणून मी तो कपाटात ठेवला.

अंक निघाला. त्यांच्या पानांच्या जागी खतांची जाहिरात आणि माझा शब्दसंपत्तीवरचा लेख होता. त्यानंतर फळ्यावर मडकी आणि केळी याखेरीज त्यांनी काही काढलेलं मी पाहिलं नाही. पुढे कोकणी राजभाषा झाली, गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले गेले. मास्तरांनी पेढ्याचाही वास घेतला आणि तो परत ठेवला. मग ते वास्कोच्या शाळेत गेले. निरोपसमारंभात मी बोललो नाही. मला कोणी सांगितलंही नव्हतं.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं तेव्हा कपाटातून तो गठ्ठा काढला. इतक्या वर्षांत मी पहिल्या पानाच्या पुढे गेलोच नव्हतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याने सांगू नये अशी ही गोष्ट आहे.

शेवटच्या पानावर खलनायक सापडतो. चष्मा, खिशाला लाल पेन, आणि नाक माझं, तेही फार उदार हाताने काढलेलं. माझ्या घ च्या कितीतरी आधी त्यांनी ते रेखाटलं होतं. वीराने त्याला शिक्षकखोलीच्या खिडकीशी गाठलंय, पंजा वर उचललाय. पुढच्या चौकटीत तो वाकून हुंगतो. त्याच्या पुढच्या चौकटीत पंजा खाली आलेला, आणि वीराच्या तोंडी एकच वाक्य:

"ह्याका घरचो वास येता."

सवयीने माझ्या हातात पेन आलं होतं. 'घरचो' मध्ये घ होता, जिथे हवा तिथे, वळणदार. मी टोपण लावलं.