साडेचारचा आकडा

कॉम्प्युटर उघडण्याआधी चाचा हाताची मागची बाजू त्याच्या डब्याला लावून बघायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग स्क्रू सोडता सोडता म्हणायचे, "मशीनले बी दम घेऊ देत जा, भाऊ. काम नसलं तं झोपू द्या तिले." रिसोडात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका टेबलाचं दुकान होतं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. सारं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, बिघडलेलं काहीही घेऊन जा, आधी शांतपणे बघणारा.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. शूटिंग करायचं, दुकानात आणून कापायचं, जोडायचं, गाणी घालायची. लग्नसराईत कॉम्प्युटर अगदी रडायचा. एक लग्न तयार व्हायला दीड दिवस, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या दिवसापासून दारात. नवा घ्या म्हणायला चाचांचं काय जात होतं? उलट त्यांचाच फायदा होता. पण नाही. म्हणाले, "जीव हाय अजून याच्यात. थोडा पळवून पाहू."

पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग आखून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगानं तो चालवायचा. चाचांनी मोठा पंखा बसवला आणि दोन दिवस माझ्या दुकानात ठाण मांडलं. वेग इतकुसा वाढवायचा, तासभर काम करून घ्यायचं, किती तापतो ते बघायचं, परत इतकुसा. समोर ठेवलेला चहा गार होऊन जायचा. असं करत करत साडेतीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारवर नेला. आणि एवढं करूनही वीज वाचवायच्या सोयी मात्र त्यांनी चालूच ठेवल्या. काम पडलं की साडेचार, काम संपलं की प्रोसेसर आपोआप एकच्या आसपास उतरणार आणि वीजही कमी खाणार.

"चाचा, इंटरनेटवर तं सारे हे बंद करा म्हनतेत," मी माझं ज्ञान पाजळलं.

"त्यायच्या गावात लाइन जात नसन," चाचा म्हणाले. "तुमची मशीन दुपारी इन्व्हर्टरवर राह्यते. हे बंद केलं तं रिकामी बसल्या बसल्या बॅटरी खाईन. आन उन्हाळ्यात तापन ते येगळंच. याले हात नोका लावू, भाऊ."

मी हो म्हटलं.

पण मला मिरवायची खोड. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दाखवणारी छोटी चौकट लावून घेतली. आलं कोणी की दाखव. एकदा शेजारचा फोटोग्राफर आला. मी ऐटीत बोट दाखवलं, तर आकडा एकवर! कॉम्प्युटर रिकामा बसला होता, दुसरं काय. "काय बे, साडेचार म्हनत होता ना? हे तं पंक्चर हाय!" तो म्हणाला, आणि दुकानातली चार माणसं हसली.

एवढंच झालं होतं, खरं सांगतो. एवढ्यासाठी मी त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये शिरलो आणि चाचांनी चालू ठेवलेल्या सोयी एकेक करून बंद केल्या. आकडा साडेचारवर जो बसला तो हलेना. पंखा घोंघावू लागला, खोली तापली, तरी मी खूश. काय म्हणावं अशा माणसाला!

आठ दिवसांनी एका लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवायला लावलं आणि मी घरी जेवायला गेलो. कॅमेऱ्याची कार्डं लगेच दुसऱ्या लग्नाला लागायची, म्हणून मी कॉपी करत नसे, सरळ कट करून टाकायचो. म्हणजे इकडे उतरलं की कार्डावरून गेलं. दुपारी लाइन गेली. एरवी दोन तास ओढणारं इन्व्हर्टर पाऊण तासात बसलं, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला आणि डिस्क बिघडली. जेवून परत आलो, लाइन आल्यावर बघितलं तर कार्डं रिकामी, आणि डिस्क उघडेना.

मी चाचांना बोलावून घेतलं. ते येऊन बसतात तोच नवरीचे वडील दोन भावांना घेऊन दारात. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली देव जाणे.

"आमच्या पोरीचं लग्न कुठं हाय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यानंच मी जास्त घाबरलो.

आणि मी चाचांकडे बोट दाखवलं. "मशीन यायनं पळवून ठेवली. त्याच्यानंच बॅटरी बसली. यायलेच इचारा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या, आणि चांगल्या मोठ्यानं मारल्या. रस्त्यावरची माणसंही थांबली.

चाचांनी सेटिंग उघडलं. स्क्रीन फक्त त्यांना आणि मला दिसत होती. सगळ्या सोयी बंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी त्या एकेक करून परत चालू केल्या आणि उठून नवरीच्या वडिलांपुढे उभे राहिले.

"माह्याच हातून झालं, दादा. लेकीचं लगन हाय, समजते मले. निघन तेवढं काढून देतो."

चार दिवस ती डिस्क घेऊन बसले. हळद निघाली, पंगत निघाली, वरात निघाली. अक्षता काही निघाल्या नाहीत.

मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. "चाचा, तुमी तसं काहून म्हनलं?"

"तुमी खोटे पडले असते तं पुढचं लगन कोनं देलं असतं तुमाले? लेकरंबाळं हायत तुमची. माह्यं काय, कारागिराची चूक लोक इसरून जातेत."

लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं, हे सांगून टाकतो. सराई संपली की चारचौघांत खरं सांगीन, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "पाहू." सराई संपली. पुढचीही संपली.

लोक विसरले नाहीत. "चाचा नोको, तो मशीन जाळते," हे मी चहाच्या टपरीवर दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा चहात बिस्कीट बुडवत राहिलो. माझं दुकान मात्र जोरात. वर्षाभरात चाचांच्या टेबलावर माश्या बसायला लागल्या. मग एक दिवस ते टेबल जीपच्या टपावर बांधून कामरगावला लेकीकडे निघून गेले. दोरी बांधायला मी मदत केली. तेवढंच काय ते माझ्यानं झालं.

गेल्या हिवाळ्यात कळलं की चाचा गेले. मी कामरगावला गेलो. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. रस्ताभर वाक्य घोकलं. त्यांच्या लेकीनं बसायला खुर्ची दिली, चहा दिला. तिचा नवरा होता, सासू होती, शेजारची दोन माणसं होती. चारचौघं म्हणतात ते असे समोरच बसले होते.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"रिसोडचे शूटिंगवाले भाऊ तुमीच ना? अब्बा लय आठवन काढत तुमची. मने, त्या भाऊचं माह्या हातून लय नुकसान झालं, पन त्यायनं मले कदी एका शब्दानं बोललं नाही." तिनं डोळ्याला पदर लावला. "तुमी इतक्या दुरून आले. अब्बाले माफ करजा, भाऊ."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"केलं माफ," मी म्हणालो.