‘बॅटरी दिली’

पेणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथल्या लाइनमनकाकांची तीन वर्षांची नोकरी उरली होती. तालुक्यात जमिनीखालून कुठली केबल कुठे जाते, ते नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मला काम त्यांनीच शिकवलं. पाणी शिरलेला सांधा कसा उघडायचा, इथपासून ते फोन बंद पडलेल्या माणसाच्या दारात उभं राहून शिव्या कशा ऐकून घ्यायच्या, इथपर्यंत.

त्यांचं घर जित्याजवळच्या गावात. बायकोला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली होती, बोलणं शाबूत होतं. मुलगी लग्न होऊन रोह्याला गेलेली. काका कामावर निघाले की काकी संध्याकाळपर्यंत एकट्या; शेजारपाजार कंपनीत नाहीतर शेतावर. घरात मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून काकांनी घरच्या फोनला हॉटलाइन लावून घेतली होती. काकींनी डाव्या हाताने रिसीव्हर उचलायचा, बस. नंबर फिरवावा लागत नसे. फोन थेट माझ्या टेबलावर वाजे.

रोज अकराच्या सुमाराला वाजायचाच.

“ते हायत का गो?”

“लाइनवर गेलेत, काकी.”

“पानी प्यायले का इचार. इसरतात.”

पहिलं वर्षभर मला हे गोड वाटलं. पुढे कंटाळा यायला लागला. मी कामात असले की फोन उचलून नुसताच बाजूला ठेवायची, थोड्या वेळाने परत जागेवर ठेवायची. काकांनी हे दोनदा पाहिलं.

मग वरून आदेश आला: तांब्याच्या केबल बंद करायच्या, सगळे फोन फायबरवर घ्यायचे. आमचं एक्सचेंज जिल्ह्यात पहिलं यावं असं मला वाटत होतं. मी भिंतीवर गावांची यादी लावली. एकेक गाव पूर्ण झालं की लाल पेनने खोडायची.

अडचण एकच होती. तांब्याच्या तारेतून फोनला वीज एक्सचेंजकडूनच जायची, त्यामुळे गावात वीज नसली तरी फोन चालायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. त्याच्यासोबत छोटी बॅटरी द्यायची होती. त्या बॅटऱ्या आल्या नव्हत्या. साहेब म्हणाले, जोडण्या करून टाका, बॅटऱ्या मागाहून वाटू. ग्राहकाच्या फॉर्मवर ‘बॅटरी दिली’ असा एक चौकोन होता. त्यात खूण केल्याशिवाय काम पूर्ण धरलं जात नसे. मी खुणा करत गेले.

जित्याकडची गावं यादीत शेवटची होती. काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. खोलीत आणखी चौघे होते.

“मॅडम, एक मागणं हाय. बॅटरी येईपर्यंत माझ्या घरची जुनी लाइन राहू द्या. आमच्याकडं वीज रोज जाते.”

“तुमच्या एका घरासाठी अख्खी केबल चालू ठेवू?”

“आठ-पंधरा दिवस. मंग मीच तोडीन.”

“काका, लोकांना समजवायचं तुम्ही, आणि अडून बसणारेही तुम्हीच?”

कोणीतरी हसलं. मला ते आवडलं. म्हणून मी आणखी म्हणाले, “उद्या तुमच्याच घरापासून सुरुवात करा. तुम्हीच तोडा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरची तार स्वतः कापली, डबा बसवला आणि ऑफिसात परत येऊन फॉर्मवर सही केली. खूण मी आधीच करून दिली होती. ती पाहून त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. नव्या फोनवरून काकींचा फोन आला. “आवाज किती साफ येतो गो! शेजारी बसल्यासारका.” मी तो आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकवला.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी अकरा वाजता फोन वाजला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. बरं झालं, असंच मला वाटलं. बाराच्या सुमाराला काकांनी लाइनवरून मोबाइल करून विचारलं, “घरून फोन आलेला का?” मी कामात होते. म्हटलं, “आला होता, बरं आहे सगळं.”

सकाळी दहाला गावातली वीज गेली होती. त्यानंतर थोड्याच वेळात काकी पलंगावरून घसरून पडल्या. काका संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा त्या जमिनीवर, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन ओढून त्यांनी जवळ घेतला होता आणि रिसीव्हर कानाशी धरलेला होता.

काकांनी तक्रार केली नाही. केली असती तर फॉर्मवर त्यांचीच सही होती. रजा टाकली, मग राजीनामाच दिला. महिनाभराने मला शाबासकीचं पत्र मिळालं आणि रोह्याला बदली झाली. बॅटऱ्या त्यानंतर आल्या.

काकी रोह्यात मुलीकडे आहेत हे मला माहीत होतं. जायला चार महिने लावले. सफरचंदं घेऊन गेले. दार काकांनी उघडलं आणि बाजूला झाले. काकी खाटेवर, अंगाने निम्म्या उरलेल्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी “कशा आहात काकी?” म्हटलं, तशी त्यांनी मान वळवली.

“तू फोनवाली ना गो?”

“हो.”

“मी त्या दिशी लय हाका मारल्या. तू उचलला व्हतास. मला म्हाईत हाय, तू उचलतेस आनि ठेवतेस बाजूला. का नाय बोललीस?”

फोन आलाच नव्हता, वीज नव्हती, असं मी सांगू शकले असते. मग बॅटरीचं सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, “काकी, त्या दिवशी मी रजेवर होते.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या दुपारी काका माझ्याशी बोलले होते.

“व्हय,” ते म्हणाले, “रजेवर व्हती ती.”

काकींना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी चांगला हात माझ्याकडे केला. मी तो धरला.

काका जिन्यापर्यंत आले. सफरचंदांची पिशवी त्यांनी माझ्या हातात परत दिली.

“तिच्यासाठी बोललो,” ते म्हणाले. “परत येऊ नका.”

मी परत गेले नाही. त्या पावसाळ्यात काकी गेल्याचं मला ऑफिसात कळलं, त्यांच्या घरचा नंबर कायमचा बंद करण्याचा अर्ज आला तेव्हा. अर्ज काकांच्या अक्षरात होता. पेणचे असे अर्जही आता रोह्यालाच येत; मंजुरीची सही माझीच लागत होती.