तेता डॉर्काची झाडं

तेता डॉर्का प्रिस्टूपा बस चालवताना रस्त्याला शिव्या घालते आणि रिकाम्या घरांना हाका मारते. तेता म्हणजे मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण शाळेच्या बसमध्ये बसणाऱ्या सगळ्यांची. मी तिची नक्कल केली की ती आरशातून डोळे वटारते. "झेनिया, माझा आवाज परत दे. मला पोरांवर ओरडायला लागतो."

तिच्या लहानपणी दर मैलाला घर होतं. शेतं फुगत गेली, माणसं शहरात गेली, आता आमच्या पंचायतीत माणसांपेक्षा हरणं जास्त. घरं ओस पडली, पण वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा राहिल्या. हिमवादळात काच पांढरी झाली की तेता त्या रांगांच्या अंदाजाने गाडी हाकते. आडोशात बस शिरली की वारा क्षणभर गप्प होतो आणि ती पुटपुटते, "हे वॉस्कोंचं."

वॉस्कोंच्या नंतर तेताचं स्वतःचं घर यायचं, आणि लगेच सांधा. आमचे रस्ते फूटपट्टीने आखलेले, पण पृथ्वी पडली गोल. जुन्या मोजणीवाल्यांनी जिथे जुळवाजुळव केली, तिथे रस्ता अचानक संपतो आणि थोडा बाजूला सरकून पुन्हा उत्तरेला निघतो. तोच सांधा. गेल्या पानगळीत तेताने जमीन विकली आणि ती गावात राहायला गेली. नव्या मालकाने बुलडोझर घालून घरासकट झाडं उपटली. "बरं झालं, पानं गोळा करायचा ताप गेला," ती नाक उडवून म्हणाली होती. ती नक्कल मला फार छान जमते.

त्या दुपारी वादळ येतंय म्हणून शाळा लवकर सोडली, पण वादळाने आम्हाला वाटेतच गाठलं. बसमध्ये मी आणि फ्रीसनांची दोन चिमुरडी, ब्रिन आणि कोल्टन. बाहेर नुसतं दूध.

"हे वॉस्कोंचं," तेता म्हणाली. बस पुढे पुढे जात राहिली. मान पुढे काढून ती वारा गप्प होतो का ते ऐकत होती. अचानक बसने उडी मारली, कोल्टनचं दप्तर छताला आपटलं आणि आम्ही कशात तरी खोल रुतलो.

धुराचा पाइप बर्फात बुजला तर विषारी हवा आत येते, म्हणून तिने इंजिन बंद केलं. हीटरही गेला. वारा पत्रा खरवडू लागला.

"डॉर्का, कुठे आहेस?" रेडिओवर रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या यंत्रावरचा लॉर्न. "बोल की गं बये!"

तेताने रेडिओचा माइक उचलला, पण बटण दाबलं नाही. "माहीत नाही," ती आम्हालाच म्हणाली. "माझी झाडं अजून आली नाहीत."

तेताला रस्ता माहीत नाही! "तेता," मी म्हणाले, "तुझी झाडं पाडली ना."

मग तिने बटण दाबलं. "लॉर्न, सांध्यावरून सरळ आत घुसले. शेतात आहे."

"तू? सांध्यावर?"

"हो, मी. पोरं गारठतायत. हसायचं ते नंतर हस."

आम्ही चौघं एका घोंगडीत शिरलो. ब्रिनचे ओठ निळे पडले होते. "मरणार का आपण?" तिने विचारलं. मी लॉर्नची नक्कल सुरू केली, मग हेडमास्तरांची. कोल्टन हसला, पण दात वाजवत. हळूहळू माझा जबडाच आखडला. मग काही ऐकू येईना, तेताचं पुटपुटणंसुद्धा.

लॉर्नच्या यंत्राचा पिवळा दिवा दिसला तो अगदी खिडकीला टेकल्यासारखा. करकचून ब्रेक लागले. लॉर्न दार ओढून आत आला, मिशीत बर्फ, चेहरा चुन्यासारखा.

"हसतोस ना?" तेता म्हणाली.

"कसला हसतोय? मीही तुझ्या झाडांची वाट बघत सरळ आलो, डॉर्का. अजून हातभर पुढे आलो असतो तर..." तो मुलांकडे बघून थांबला.

आता वॉस्कोंचं मागे पडलं की, उन्हाळा असो की बर्फ, तेता आरशात बघते आणि आम्ही सगळे घसा फाडून ओरडतो, "झाडं नाहीत!"

मग ती वेग कमी करते.