म्हाळबाची अर्धी दाढी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा घ्या, बशीत ओता, फुंकर मारा, पण माझ्या तोंडाकडे बघून हसू नका. पुढचं ऐकताना आधी तुमच्या अंगावर काटा येईल, मग तुम्ही मला वेड्यात काढाल. माझी दोन्हीला हरकत नाही.

मानवतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान. बापाच्या वेळी ते हजामतीचं दुकान होतं, मी पाटीवर 'सलून' लिहून घेतलं. भिंतभर आरसा, आरशाखाली फळ्यांचं लांबलचक कपाट आणि नांदेडहून आणलेली फिरती खुर्ची. आत लाल अक्षरांत एक सूचना: 'राजकारणावर बोलू नये.' नामांतराचे दिवस होते ते. विद्यापीठाच्या नावावरून गिऱ्हाईकं तोंडाला फेस लावलेला असताना भांडायला उठायची आणि माझ्या हातात उघडा वस्तरा! सूचना लावू नको तर काय करू?

आता माझी एक खोड सांगतो. मला वाटायचं, आपल्याला डोकी वाचता येतात. कल्ले ताजे, केसाला तेल, म्हणजे गडी मुलगी बघायला निघालाय. डोकं तुळतुळीत पण मिशी जागेवर, म्हणजे नवस फेडला. डोकंही साफ आणि मिशीही साफ, म्हणजे बाप गेला. कुणाला काही विचारायची गरजच काय?

म्हाळबा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वाडीवर मेंढ्या राखायचा. माझा बाप वारला तेव्हा दुकानाच्या पायरीवर येऊन दिवसभर गप्प बसला होता हा म्हातारा. दर दोन-तीन आठवड्यांनी भर दुपारी यायचा आणि मागोमाग त्याचं पांढरं कुत्रं. त्याला तो 'लेकरू' म्हणायचा. म्हाळबा खुर्चीत, लेकरू खुर्चीखाली, अशी वर्षानुवर्षांची पद्धत होती.

एका दुपारी म्हाळबाची दाढी चालली होती. उजवी बाजू झाली, डावीला फेस लावला. बाकावर आडतीवरचा मुनीम बसला होता, पांढरंशुभ्र धोतर नेसून. तेवढ्यात काय झालं, कुत्रं खुर्चीखालून उठलं आणि कोपऱ्यात झाडून ठेवलेल्या केसांच्या ढिगात गरागरा फिरायला लागलं. पोट सुटलं होतं त्याचं, दूध पिऊन माजलंय असं मला वाटलं. केस उडाले ते थेट मुनिमाच्या धोतरावर!

"हे सलून आहे की कोंडवाडा?" मुनीम म्हणाला.

झालं! माझ्यातला सलूनवाला जागा झाला. म्हणालो, "बाबा, कुत्रं भाईर काडा."

"कामून? आज नवं हाय का ते?"

"आता हे सलून हाय. हितं कुत्र्याला मनाई हाय."

म्हाताऱ्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. सावकाश अंगावरचं कापड सोडलं, डाव्या गालाचा फेस त्याच कापडानं पुसला आणि उठला.

"मंग मलाबी मनाई हाय म्हन की. जायलो मी. पर दत्त्या, ही अर्धी ऱ्हायलीय ध्यानात ठिव. उरलेली करून घ्यायला येनार मी. कवाबी येईन."

गेला. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर पांढरी दाढी, मागं कुत्रं. मुनीम हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून सूचनेत एक ओळ वाढवली: 'कुत्र्यांना आत मनाई.'

बारा-तेरा दिवसांनी मी एसटी स्टँडवर ब्लेडची पाकिटं आणायला गेलो. समोर म्हाळबाचा पोरगा बिरू. डोकं साफ. मिशी साफ. मान खाली घालून बसमध्ये चढला.

मी लगेच ओळखलं. म्हाळबा गेला! आणि गेला तो अर्ध्या दाढीनिशी!

तुम्ही हसताय, पण आमच्या धंद्यात ही साधी गोष्ट नाही हो. बाप मला सांगायचा, गिऱ्हाईक अर्धवट सोडू नये, माणसाचं मन त्यात अडकतं. आणि मी तर माझ्या बापासाठी पायरीवर बसलेल्या माणसाला अर्ध्यातून उठवलं होतं. रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं, शांतानं, दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं.

"आवो, वाडीवर जाऊन इचारा तरी," ती म्हणाली.

"इचारायचं काय? मिशी बगितली ना मी!"

दुसऱ्या दिवसापासून दुकानात ते सुरू झालं.

सकाळी कुलूप काढून आत गेलो. आदल्या दिवशी कोपऱ्यात केसांचा ढीग झाडून ठेवला होता. ढीग नाही! एक केससुद्धा नाही. आमच्या मराठवाड्यात माणसाचे केस नाहीसे झाले की पहिला शब्द कोणता तोंडात येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. भानामती! मी तो शब्द गिळला आणि उदबत्ती लावली.

त्याच्या पुढच्या सकाळी खुर्ची. मी रोज तिचं तोंड आरशाकडे करून जातो. ती दाराकडे वळलेली. जणू कुणीतरी बसून माझी वाट बघत होतं. बैठकीला हात लावला तर कोमट! आणि त्यावर चार-पाच पांढरे केस. आखूड, राठ, दाढीचे असतात तसे.

हात धुतला मी. तीनदा धुतला.

मग दुपारी आरशामागून आवाज यायला लागला. बारीक, दबलेला, लहान मूल तोंड दाबून रडावं तसा. मी वस्तरा थांबवला की तोही थांबायचा, पुन्हा वस्तरा गालाला लावला की सुरू. एका शिक्षकानं तो ऐकला आणि कापड गळ्यात ठेवूनच रस्त्यावर पळाला. ते कापड त्यानं नंतर पोस्टानं पाठवलं, आत यायची छाती झाली नाही त्याची.

आणि कुत्रं! दुपारी बाराच्या ठोक्याला म्हाळबाचं पांढरं कुत्रं एकटंच यायचं आणि उंबऱ्याबाहेर बसायचं. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. नुसतं खुर्चीच्या दिशेनं एकटक बघत राहायचं. आतून तो आवाज आला की त्याचे कान उभे व्हायचे, मग ते माझ्याकडे बघायचं. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि ते दोन डोळे माझ्यावर लागलेले. मला आठवायचं, 'कवाबी येईन.'

चार दिवसांत गिऱ्हाईक बंद झालं. माझे नेहमीचे लोक समोरच्या पत्र्याच्या टपरीत केस कापायला बसले. तिथून ते माझ्या दुकानाकडे बघायचे आणि आवाज बारीक करून बोलायचे.

शेजारी रशीदभाईचं सायकलचं दुकान. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, पंक्चरचा डबा मिटला आणि म्हणाला, "दत्तूभाई, सीधी बात है. उसका आधा काम तुम्हारे पास अटकेला है. पूरा करके दे डालो, चला जाएगा वो."

"पर तो हाय कुटं दाढी करायला?"

रशीदभाईनं नुसती हनुवटी उडवली. उंबऱ्यावर बसलेल्या कुत्र्याकडे.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, शंभर टक्के पटलं.

अमावास्येला आमची दुकानं बंद. कुणी केस कापत नाही त्या दिवशी. मी घरी सांगितलं की रशीदभाईकडे चाललोय आणि दुपारी गुपचूप दुकान उघडलं, दाराची एकच फळी. रशीदभाई बाहेर चहाचा कप घेऊन पहाऱ्याला. बरोबर बाराला कुत्रं आलं.

मी हात जोडले. "या बाबा. आत या."

आता ऐका. मी फक्त खुर्चीकडे बोट केलं. ते कुत्रं उंबरा ओलांडून आत आलं, खुर्चीवर चढलं आणि रोजचं असल्यासारखं आरशाकडे तोंड करून बसलं!

मी एक पाऊल मागं सरलो. पण माघार कशी घेणार? त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. वाटीत फेस केला. ब्रश डाव्या गालाला लावला. ते हललं नाही, उलट डोळे मिटून घेतले. म्हाळबाही असेच मिटायचा हो! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणालो. "एका धोतरासाठी तुमाला उठवलं. ही डावी बाजू घ्या आन् मोकळे व्हा. पुन्यांदा कोनाला अर्ध्यातून उठवनार न्हाई."

वस्तरा उलट्या बाजूनं धरला, म्हणजे लेकराला लागायला नको, आणि वर उचलला. नजर आरशात गेली.

आरशात माझ्या खांद्यामागं म्हाळबा उभा होता.

उजव्या गालावर आखूड खुंट, डाव्या गालावर लांब पांढरी दाढी. हललासुद्धा नाही, नुसता बघत होता. बाहेर कप फुटल्याचा आवाज आला आणि रशीदभाईच्या चपला मोंढ्याच्या दिशेनं पळत गेल्या. मी? मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो.

"दत्त्या," आरशातला म्हाळबा बोलला, "कुत्र्याला मनाई हाय न्हवं तुज्या दुकानात?"

"बाबा... तुमी... मेले न्हाईत?"

"मी कामून मरू? चुडाव्याला माजा धाकटा भाऊ वारला. त्याला पोरगं न्हाई, म्हून आमच्या बिरूनं समदं केलं. तिकडंच होतो मी इतके दिस."

"आन् ही अर्धी दाढी?"

"तूच ठिवलीस ना? तुज्याकूनच करून घेनार म्हनलो हुतो. लोक हसले मला तिकडं, पर मी दुसऱ्याचा हात लावू दिला न्हाई."

तेवढ्यात आरशामागून तोच आवाज आला. मी म्हाळबाचा पाय धरला. कुत्र्यानं मात्र कापडासकट उडी मारली आणि फेस उडवत कपाटाखाली शिरलं. म्हाळबा वाकला, कपाटाची खालची फळी ओढली.

पाच पिल्लं. डोळेसुद्धा न उघडलेली.

कपाटामागं मोरीचं भोक होतं, ते मागच्या बोळात निघायचं. रेल्वेनं नेता येईना म्हणून म्हाळबा तिला वाडीवर ठेवून गेला, तर ती आपल्या रोजच्या जागी आली. त्या भोकातून आत शिरून पिल्लं घातली, रात्री मऊ खुर्चीवर झोपली, कुलूप वाजलं की कपाटामागं. दुपारी बोळात पोरं क्रिकेट खेळायची, म्हणून मागनं यायची सोय नसायची. मग पुढच्या दारात बसून माझ्याकडे बघायची, की हा शहाणा कधी आत सोडतोय. आणि पिल्लांखाली अंथरूण कशाचं होतं? मानवतच्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींच्या केसांचं! मुनिमाचेही असतील त्यात.

"गाभन हाय ते दिसलं न्हाई तुला?" म्हाळबा म्हणाला. "लोकाच्या घरातलं मरन दिसतंय म्हनं तुला डोक्यावरून."

मी खाली मान घालून त्याला खुर्चीत बसवलं. डावी बाजू करायला घेतली. पण हात कुठला थांबतोय! मिशीच्या टोकाशी वस्तरा थरथरला आणि अर्धी मिशी गेली.

दोघंही आरशात बघत राहिलो.

"काड," म्हाळबा म्हणाला, "आता समदीच काड. पुन्हा अर्ध्यानं हिंडवू नको मला."

तो साफ तोंडानं गेला. कुत्री आणि पिल्लं राहिली, डोळे उघडेपर्यंत. मी सूचनेतली दुसरी ओळ चुना लावून पुसली. वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत ब्लेड बदलत होतो आणि कुत्री दारात बसली होती. स्टँडकडून माझा मेहुणा येताना दिसला, शांताचा धाकटा भाऊ. डोळे सुजलेले, खांद्यावरच्या टॉवेलनं नाक पुसत होता. माझी सासुरवाडी कुठली ते सांगितलं नाही का मी? चुडावा.

म्हाळबा भावाची मेंढरं आणायला पुन्हा चुडाव्याला गेला होता. मिशी नाही बघून लोकांनी विचारलं, आता कोण गेलं? तर म्हातारा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मानवतचा आमचा न्हावी. भ्यानं गेला बिचारा. आता त्याच्या दुकानात कुत्रं बसतंय म्हनं दुपारचं." बस्स! पुढचं लोकांनी जोडलं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण मेहुणा माझ्यापर्यंत पोचलाच नाही. तो दारातच थांबला, चपला काढल्या, कुत्रीसमोर गुडघे टेकले आणि हात जोडून हुंदके देत म्हणाला, "दाजी, कायबी ऱ्हायलं असलं तर सांगा. ताईला आमी सांबाळू."

आणि काय सांगू, मी आतून "आरं, मी हितं हाय" म्हणेपर्यंत तिनं पंजा उचलून त्याच्या हातावर ठेवलासुद्धा.